नकाशा बरोबर, अंतर चूक: मायएसक्यूएल ८.० वर गेल्यावर विहिरींची अंतरं कशी तपासायची

मायएसक्यूएल हा नोंदींचा डेटाबेस ५.७ आवृत्तीवरून ८.० वर गेला, आणि टेबलात अक्षांश-रेखांश असतील, तर तीन तक्रारी येतात. बहुतेक वेळा याच क्रमानं येतात. आधी ‘पाच किलोमीटरच्या आतल्या विहिरी’ ही यादी रिकामी निघते. मग कोणीतरी खटपट करतं, तेव्हा नव्या नोंदी दिसतात आणि जुन्या गायब असतात. मग आणखी खटपट होते, सगळं दिसायला लागतं, नकाशाही जागच्या जागी येतो आणि ऑफिसात चहा मागवला जातो. तिसरी तक्रार त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते, आणि ती शेतकरी घेऊन येतो.

मी दारव्हा तालुक्यात पाणलोटाच्या कामाची नोंदवही सांभाळतो. विहिरी, बोअर, शेततळी, नाला बांध, गावोगावच्या नळयोजनेच्या विहिरी, प्रत्येकाचं ठिकाण मोबाईलवर टिपलेलं. या नोंदींचा सगळ्यात नाजूक वापर म्हणजे ५०० मीटरची अट. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणता येत नाही, हे महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्यापासून चालत आलेलं आहे. त्यामुळे कोणी नव्या विहिरीचा अर्ज आणला की आम्ही क्वेरी चालवतो आणि अंतर कागदावर छापून देतो. होस्टिंगवाल्यानं ८.० बसवल्यावर काही महिन्यांनी एक काका तोच कागद हातात घेऊन आले. म्हणाले, “माही जागा तं टाकीच्या विहिरीपासून दोन किलोमीटर लंब हाय भाऊ. अन् तुमचा कागद म्हनते सव्वाचारशे मीटर. पायी चालून दाखवू का?”

काका बरोबर होते. नकाशावर त्यांची जागा बरोबर दिसत होती, टाकीची विहीरही बरोबर दिसत होती, फक्त दोघांमधलं अंतर चुकत होतं. हे कसं होतं ते कळलं की दुरुस्ती तासाभराची आहे. न कळता हात घातला तर मात्र चांगला डेटा बिघडतो, म्हणून आधी कारण सांगतो आणि मग कृती.

एक सूचना: फंक्शनची नावं आणि क्वेऱ्या मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, रोमन आकडे, आणि जिथे खालची रेघ दिसते तिथे अंडरस्कोर.

पहिलं काम: हे तुमचंच दुखणं आहे का ते बघा

सिलेक्ट व्हर्जन() चालवा. उत्तरात मारियाडीबी असं नाव आलं तर हा लेख तुमच्यासाठी नाही. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर मायएसक्यूएल म्हणून मारियाडीबीच बसवलेलं असतं आणि त्यात खालचे बदल झालेले नाहीत. उत्तर ८ नं सुरू होत असेल तर पुढे या.

मग बॅकअप. मायएसक्यूएलडम्प वापरा, आणि हेक्स-ब्लॉब हा पर्याय लावा. ठिकाणांचा कॉलम एक्सेलमध्ये किंवा सीएसव्हीत मजकूर म्हणून काढून ठेवला की झाला बॅकअप, असं समजू नका. मजकुरातच तर सगळा घोळ आहे. ५.७ मधून ‘पॉइंट(७७.७७ २०.३१)’ असा काढलेला मजकूर ८.० मध्ये परत भरला तर तो उलटा भरला जातो. डम्पमध्ये आतला बायनरी जसाच्या तसा जातो, त्याला काही होत नाही.

आणि दुरुस्ती संपेपर्यंत नव्या नोंदी बंद ठेवा. गावातल्या पोरांना सांगा की दोन दिवस वहीत लिहा. ते कुरकुरतील, पण अर्ध्या दुरुस्तीत नव्या नोंदी शिरल्या की कुठली सुलटी आणि कुठली उलटी हे शोधत बसावं लागतं.

आता हे चालवा:

सिलेक्ट एसटी_एसआरआयडी(ठिकाण), काउंट(*) फ्रॉम विहिरी ग्रुप बाय एसटी_एसआरआयडी(ठिकाण);

उत्तरात सगळीकडे ० आलं तर तुमच्या नशिबी कमी त्रास आहे. एसआरआयडी म्हणजे बिंदूचे आकडे कुठल्या मोजणी-व्यवस्थेतले आहेत हे सांगणारा क्रमांक, आणि तो शून्य म्हणजे साधा सपाट कागद. त्यावरची गणितं ८.० मध्येही पूर्वीसारखीच चालतात, अंतर पूर्वीसारखंच अंशांत येतं. तुम्ही जुनी फंक्शन्स आणि इंडेक्स यांच्यावरचा खालचा भाग वाचला तरी पुरे. मीटरमध्ये अंतर हवं असेल तर एसटी_डिस्टन्स_स्फिअर वापरा. शून्यवाल्या बिंदूंसाठी ते पहिला आकडा रेखांश आणि दुसरा अक्षांश धरतं, मीटरमध्ये उत्तर देतं आणि ५.७ मध्येही तसंच करायचं.

काही ० आणि काही ४३२६ अशी सरमिसळ आली, तर क्वेरी एरर ३०३३ देत असेल: दोन वेगवेगळ्या एसआरआयडींची तुलना करता येत नाही म्हणून. आमच्याकडे सर्वेक्षणाच्या ॲपमधून आलेल्या नोंदी ४३२६ च्या आणि जुन्या फॉर्ममधल्या शून्याच्या होत्या. शून्यवाल्यांमध्ये रेखांश आधी भरलेला आहे ना एवढी खात्री करून त्यांना शिक्का मारून घ्या: ठिकाण = एसटी_एसआरआयडी(ठिकाण, ४३२६). यात आकडे हलत नाहीत, फक्त क्रमांक बसतो.

सगळीकडे ४३२६ असेल तर नीट बसून वाचा.

नेमकं काय बदललं

४३२६ म्हणजे जीपीएसची नेहमीची व्यवस्था, डब्ल्यूजीएस ८४. ५.७ मध्ये हा क्रमांक लिहिता यायचा, पण गणित करताना कोणी त्याला विचारायचं नाही. सातबाऱ्यावर नाव आहे पण वावरात कधी पाय ठेवला नाही, अशा मालकासारखा तो होता. पृथ्वी सपाट धरूनच सगळं चालायचं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ८.० आलं आणि त्यात मायएसक्यूएल पहिल्यांदाच हा क्रमांक मनावर घ्यायला लागलं. त्यातून दोन गोष्टी झाल्या.

एक, एसटी_डिस्टन्सचं उत्तर अंशांऐवजी मीटरमध्ये यायला लागलं, तेही गोल पृथ्वीवरचं. आपल्याकडच्या जुन्या कोडमध्ये सर्रास ‘गुणिले १११’ असतं, कारण एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. आता तीन हजार मीटरला १११ नं गुणलं की तीन लाख तेहतीस हजार येतात आणि ‘पाचपेक्षा कमी’ या अटीत काहीच बसत नाही. रिकाम्या यादीचं हे पहिलं कारण. उपाय सोपा: १११ काढा, हजारनं भागा.

दोन, क्रम. ४३२६ च्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर आहे. ८.० मजकूर वाचताना आणि मजकूर देताना हाच क्रम पाळतं. ५.७ साठी लिहिलेला सगळा कोड रेखांश आधी लिहितो. म्हणजे ‘पॉइंट(७७.७७ २०.३१)’ हा मजकूर ८.० वाचतं तेव्हा दारव्ह्याजवळची विहीर ७७.७७ अंश उत्तरेला जाते, स्वालबार्डच्या आसपास, आर्क्टिकच्या बर्फात.

इथे विदर्भाचं, खरं तर जवळपास सगळ्या भारताचं, एक खास दुर्दैव आहे. अक्षांश ९० च्या पुढे असूच शकत नाही, त्यामुळे टोकियोवाल्यानं १३९ हा रेखांश अक्षांशाच्या जागी दिला की मायएसक्यूएल लगेच एरर फेकतं. गुवाहाटीवाल्यालाही फेकेल, तिथला रेखांश ९१ च्या पुढे आहे. आपला रेखांश ७५ ते ८१ मध्ये. तो अक्षांश म्हणून अगदी कायदेशीर आहे. सर्व्हर काही म्हणत नाही, निमूटपणे विहीर बर्फात नेऊन ठेवतो. इंटरनेटवर ‘एरर आली तर असं करा’ छापाचे जे लेख सापडतात ते आपल्या उपयोगाचे नसतात ते यामुळेच.

तिसरी गोष्ट बदललेली नाही, आणि बहुतेकांना तीच माहीत नसते. डिस्कवर आत जे साठतं ते ८.० मध्येही रेखांश आधी असंच साठतं. म्हणून ५.७ च्या काळात भरलेला तुमचा जुना डेटा अपग्रेडनंतरही पूर्ण बरोबर असतो. फक्त एसटी_ॲजटेक्स्टनं, म्हणजे बिंदू मजकुरात दाखवणाऱ्या फंक्शननं, बघितलं की तो ‘पॉइंट(२०.३१ ७७.७७)’ असा दिसतो. हे दिसलं की माणूस घाबरतो आणि म्हणतो डेटा उलटा झाला.

तीन तक्रारी कशा जन्मतात

आता वरचे तुकडे जोडा. अपग्रेड झालं, कोड जुनाच. जुन्या विहिरी आत बरोबर. क्वेरीत शोधायचा बिंदू मजकुरानं दिलेला, तो गेला आर्क्टिकला. दोघांमधलं अंतर सुमारे सात हजार किलोमीटर. १११ काढलं तरी यादी रिकामीच राहते.

नव्या नोंदी त्याच जुन्या फॉर्ममधून भरल्या, त्याही मजकुरानं, त्याही आर्क्टिकला. शोधायचा बिंदूही तिथलाच. म्हणून नव्या विहिरी यादीत येतात, जुन्या येत नाहीत.

नकाशावर याच्या उलट. आमचा नकाशा एसटी_एक्सला रेखांश आणि एसटी_वायला अक्षांश समजून बिंदू काढायचा. ८.० मध्ये ४३२६ वाल्या बिंदूचा एसटी_एक्स म्हणजे पहिला अक्ष, म्हणजे अक्षांश. त्यामुळे बरोबर असलेल्या जुन्या विहिरी नकाशावर आर्क्टिकमध्ये दिसतात. चुकलेल्या नव्या विहिरी मात्र दोनदा उलटल्यामुळे थेट आपापल्या वावरात! ज्याला आतलं माहीत नाही तो काय निष्कर्ष काढणार? नव्या नोंदी ठीक, जुन्या बिघडल्या. आमच्याकडे ज्या पोराला हे काम दिलं होतं त्यानं तेच ताडलं आणि जुन्या सगळ्या नोंदींवर एसटी_स्वॅपएक्सवाय, म्हणजे दोन्ही आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन, चालवलं. त्याला दोष देत नाही, पुराव्यावरून तेच दिसत होतं.

आता गंमत बघा. सगळ्या विहिरी आर्क्टिकला, शोधायचा बिंदूही आर्क्टिकला, नकाशा उलट्याचं सुलट करून दाखवतो. एसटी_ॲजटेक्स्टही पूर्वीसारखं ‘पॉइंट(७७.७७ २०.३१)’ देतं. याद्या येतात, नकाशा जुळतो, काम मिटलं असं वाटतं.

आणि अंतर चुकतं. दारव्ह्याच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर, अक्षांशाचा एक अंश सुमारे १११. तिकडे ७८ अंश उत्तरेला रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जवळ आलेल्या असतात, तिथे रेखांशाचा एक अंश जेमतेम २३ किलोमीटर. आपलं पूर्व-पश्चिम अंतर तिथे उत्तर-दक्षिण होऊन बसतं: ते थोडंसं वाढतं, शंभराचे एकशेसात होतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. आपलं उत्तर-दक्षिण अंतर मात्र पाचव्या हिश्श्यावर येतं. ०.०३ अंश पूर्वेची विहीर ३.१ किलोमीटरच्या जागी ३.३ दाखवते. ०.०३ अंश उत्तरेची विहीर ३.३ च्या जागी ७०० मीटर.

काकांची जागा टाकीच्या विहिरीच्या सरळ उत्तरेला होती. दोन किलोमीटरचे सव्वाचारशे मीटर झाले आणि अर्ज अडला. त्याच गावात पूर्वेकडच्या अर्जांचे कागद जवळपास बरोबर निघत होते, म्हणून इतके दिवस कोणी बोललं नाही.

तपासायचं कसं

नकाशावर विश्वास ठेवू नका आणि एसटी_ॲजटेक्स्टवरही नको. कोणाची फसवणूक न करणारी फंक्शन्स तीन: एसटी_लॅटिट्यूड, एसटी_लाँगिट्यूड आणि एसटी_ॲजजिओजेसन. पहिली दोन नावाप्रमाणे वागतात, ८.०.१२ पासून आहेत. तिसरं नेहमी रेखांश आधी देतं, कारण जिओजेसन या नकाशाच्या मजकूर-साच्याचा नियमच तसा आहे, डेटाबेस कुठलाही असो.

सिलेक्ट मिन(एसटी_लॅटिट्यूड(ठिकाण)), मॅक्स(एसटी_लॅटिट्यूड(ठिकाण)) फ्रॉम विहिरी;

विदर्भाचा अक्षांश साडेअठरा ते बावीसच्या मध्ये असतो. उत्तरात सत्तरच्या पुढचा आकडा आला की उलट्या नोंदी आहेत. शून्य आला तर ती वेगळीच भानगड आहे: मोबाईलला जीपीएस मिळालं नाही आणि ॲपनं ०,० भरलं. त्या नोंदी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असतात. त्या बाजूला काढा आणि परत टिपायला पाठवा.

दुसरी चाचणी अंतराची. ही तुमच्या स्वतःच्या फॉर्ममधून करायची, हातानं लिहिलेल्या क्वेरीतून नव्हे, कारण तपासायचा आहे तो फॉर्म. दोन चाचणी-नोंदी भरा: नागपूर (अक्षांश २१.१५, रेखांश ७९.०९) आणि चंद्रपूर (अक्षांश १९.९५, रेखांश ७९.३०). मग दोघांमधलं अंतर काढा. सरळ रेषेत ते १३५ किलोमीटरच्या आसपास यायला हवं. ३४ आलं तर तुमचा फॉर्म अजूनही उलटा भरतोय. नागपूर ते चंद्रपूर ३४ किलोमीटर म्हणणाऱ्याला एसटीचा कंडक्टरही हसेल.

नागपूर-अमरावती घेऊन ही चाचणी करू नका. ती दोन शहरं पूर्व-पश्चिम आहेत. बरोबर अंतर सुमारे १४१, उलटं झाल्यावर १५०. रस्त्याचं अंतर तेवढंच असेल म्हणून तुम्ही खुशाल पुढे जाल. दक्षिणोत्तर जोडी लागते म्हणजे लागतेच. आपल्या तालुक्यातली दोन गावं घेतली तरी चालतील, एक सरळ वर आणि एक सरळ खाली.

डेटाची दुरुस्ती

सरसकट स्वॅप कधीच करायचा नाही. फक्त जे उलटं आहे तेवढंच:

अपडेट विहिरी सेट ठिकाण = एसटी_स्वॅपएक्सवाय(ठिकाण) व्हेअर एसटी_लॅटिट्यूड(ठिकाण) > ६०;

या अटीचा फायदा असा की क्वेरी चुकून दोनदा चालली तरी नुकसान नाही. सुलटी झालेली नोंद दुसऱ्या वेळी अटीत बसतच नाही. ६० च्या जागी ४५ लिहिलं तरी आपल्याकडे फरक पडत नाही, मधे काही नाहीच.

शेततळ्यांच्या हद्दी आणि नाल्यांच्या रेघा असतील तर एसटी_लॅटिट्यूड थेट चालत नाही, त्याला एकच बिंदू लागतो. रेघेसाठी आत एसटी_स्टार्टपॉइंट घाला. बहुभुजासाठी आधी एसटी_एक्स्टीरियररिंग, त्यातला पहिला बिंदू एसटी_पॉइंटएननं काढा आणि त्यावर अट लावा. स्वॅप मात्र पूर्ण आकृतीवर एकदमच होतो.

मगच कोड. चार जागा शोधायच्या.

जिथे मजकुरातून बिंदू बनतो तिथे एसटी_जिऑमफ्रॉमटेक्स्टला तिसरा पर्याय द्या: ‘ॲक्सिस-ऑर्डर=लाँग-लॅट’. मग जुना मजकूर आहे तसाच चालतो, जोडणीच्या ओळी उलटवत बसायला नको. मी हाच मार्ग पसंत करतो, कारण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्यालाही क्रम डोळ्यांसमोर लिहिलेला दिसतो. दुसरा मार्ग एसटी_एसआरआयडी(पॉइंट(रेखांश, अक्षांश), ४३२६). पॉइंट फंक्शन आकडे आतल्या क्रमानंच घेतं, त्यामुळे इथेही रेखांश आधीच. काही जण मजकुराची जोडणीच बदलून अक्षांश आधी करतात. तेही चालतं, पण मग एकही जागा सुटता कामा नये, आणि एखादी सुटतेच.

जिथे नकाशाला आकडे जातात तिथे एसटी_एक्स आणि एसटी_वाय काढून एसटी_लाँगिट्यूड आणि एसटी_लॅटिट्यूड टाका. जिथे मजकूर बाहेर जातो, एक्सेलसाठी किंवा दुसऱ्या कार्यालयाला द्यायला, तिथे एसटी_ॲजटेक्स्टलाही तोच लाँग-लॅटचा पर्याय लावा. आणि चौथी जागा म्हणजे तो १११.

क्रमाच्या बाबतीत माणसांचाही गोंधळ असतो, तो वेगळा धरा. गावातली पोरं गूगल मॅपवरून व्हॉट्सॲपवर जे पाठवतात त्यात अक्षांश आधी असतो. ते फॉर्मच्या दोन रकान्यांत कोणता कुठे भरतात याचा भरवसा नाही. म्हणून फॉर्ममध्येच अट घाला: अक्षांश १८ ते २२.५, रेखांश ७५ ते ८१.५, बाहेरचं काही घ्यायचंच नाही. डेटाबेस आपल्याला अडवणार नाही हे एकदा कळल्यावर ही राखण आपणच करायची.

जुनी फंक्शन्स

५.७ मध्ये एसटी_ न लावताही बरीच फंक्शन्स चालायची: जिऑमफ्रॉमटेक्स्ट, ॲजटेक्स्ट, एक्स, वाय, डिस्टन्स, जीलेन्थ. ८.० मध्ये ती काढून टाकली आहेत. इथे निदान एरर तरी येते, ‘फंक्शन डझ नॉट एक्झिस्ट’ अशी, त्यामुळे शोधणं सोपं. बहुतेकांपुढे एसटी_ लावलं की झालं. जीलेन्थचं एसटी_लेन्थ होतं. कन्टेन्स आणि विदिन मात्र पूर्वी आकृतीच्या बाहेरच्या चौकटीवर चालायची, खऱ्या हद्दीवर नाही. पूर्वीचंच वागणं हवं असेल तर एमबीआरकन्टेन्स आणि एमबीआरविदिन घ्या, खऱ्या हद्दीवर हवं असेल तर एसटी_कन्टेन्स. शिवाराच्या हद्दीत विहीर येते का हे बघायला एसटी_कन्टेन्सच हवं.

स्टोअर्ड प्रोसीजर आणि व्ह्यू यांत लपलेली जुनी नावं हातानं शोधत बसू नका. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेड चेकर आहे, तो यादी काढून देतो. अपग्रेडच्या आधी चालवण्यासाठी तो बनवलाय. होस्टिंगवाले तेवढी उसंत देतील तर देव पावला.

काही फंक्शन्स ४३२६ वर चालतच नाहीत, एसटी_सेंट्रॉइड आणि एसटी_मेकएन्व्हलप त्यातली. भौगोलिक व्यवस्थेसाठी हे बनवलेलं नाही अशी स्पष्ट एरर येते. चौकट हवी असेल तर चार कोपऱ्यांचा बहुभुज मजकुरानं स्वतः बनवा.

वेग

हजार-दोन हजार विहिरी असतील तर हा भाग सोडून द्या. आमच्यासारख्या तालुकाभराच्या नोंदी असतील तर अपग्रेडनंतर क्वेरी रेंगाळायला लागते, आणि एक्स्प्लेन चालवलं तर ‘की’ या रकान्यात नल दिसतं. स्पेशियल इंडेक्स असतो, पण वापरला जात नाही. ८.० मध्ये ज्या कॉलमच्या व्याख्येतच एसआरआयडी ठरवलेला नाही, त्याच्या इंडेक्सकडे ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरीचा मार्ग ठरवणारा भाग, बघत नाही. प्रत्येक ओळीत ४३२६ असून भागत नाही, कॉलमवर लिहिलेलं लागतं.

इंडेक्स असताना एसआरआयडी बदलता येत नाही, म्हणून आधी इंडेक्स काढा, मग

ऑल्टर टेबल विहिरी मॉडिफाय ठिकाण पॉइंट नॉट नल एसआरआयडी ४३२६;

आणि मग इंडेक्स परत बनवा. एकाही ओळीत दुसरा एसआरआयडी असला तर ही ओळ नाकारली जाते, तेव्हा सरमिसळ आधीच मिटवलेली असावी. याचा आणखी एक फायदा: पुढे कोणी शून्यवाला बिंदू भरायला गेलं तर तो दारातच अडतो.

इंडेक्स एसटी_डिस्टन्सला उपयोगी पडत नाही. आधी एमबीआरकन्टेन्सनं चौकटीतल्या विहिरी वेगळ्या करायच्या, मग त्या थोड्यांवर अंतर काढायचं. पाच किलोमीटरसाठी चारही बाजूंना ०.०५ अंशांची चौकट आपल्या भागात पुरते.

छापून गेलेले कागद

सगळं झालं की एक काम उरतं, ते कॉम्प्युटरवर संपत नाही. अपग्रेडच्या तारखेपासून दुरुस्तीच्या तारखेपर्यंत जे अंतराचे कागद दिले, त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाचं अंतर नव्यानं मोजा. आम्ही जुनं आणि नवं अंतर शेजारी-शेजारी ठेवलं आणि ज्यांचा निकाल बदलतो ते वेगळे केले. अडलेल्या अर्जांमध्ये जवळपास सगळे उत्तर-दक्षिण दिशेचे निघाले. उलट्या बाजूनंही बघा: पूर्व-पश्चिम अंतर सातेक टक्के वाढून दिसत होतं, म्हणजे खरं ४८० मीटर असलेलं ५०० च्या पुढे दाखवून परवानगीचा कागद गेलेला असू शकतो. असे थोडेच असतात, पण त्यातच भांडणं असतात.

४८० ते ५२० च्या मधल्यांसाठी आम्ही आता कागद देत नाही. मोबाईलचं जीपीएस झाडाखाली दहा मीटरनं सहज सरकतं. तिथे टेप घेऊन जायचं, सरपंच किंवा ग्रामसेवक सोबत ठेवायचा, दोघांसमोर मोजायचं आणि तोच आकडा लिहायचा. काकांच्या जागेला टेपची गरज पडली नाही. नवा कागद २ किलोमीटर ३ मीटर म्हणाला. तो वाचून ते म्हणाले, “हे तीन मीटर कुठून आनले?”